बिनहमालाचा फ्लास्क

"इतलं तूप गयं कोठे मंग?"

नाना, मी तुमच्या दारात चपला काढत होते, तेव्हा आतून हे ऐकू आलं. आवाज चढलेला नव्हता, उलट दमलेला होता. तुमच्या थोरल्या बहिणीचा, माईंचा. दोंडाईच्याजवळच्या गावाहून त्या तुमच्या दहाव्यासाठी आल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत सतरंजीवर सात-आठ बायकांमध्ये बसल्या होत्या. भावाच्या अंगावर मांस यावं म्हणून दर आठवड्याला एसटीच्या कंडक्टरच्या हाती घरच्या म्हशीच्या तुपाचा डबा पाठवला, आणि भाऊ काडीसारखा होऊन गेला, हे त्यांचं सांगून झालं होतं. आता त्या फक्त विचारत होत्या.

"वाढनारना हातवर ऱ्हास माय बठ्ठं," कोणीतरी हळूच म्हणालं. सगळं वाढणाऱ्याच्या हातावर असतं.

वाढणाऱ्या अक्का, तुमच्या बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी गुडघ्यावरचा आपला हात उलटा केला आणि तळव्याकडे पाहत राहिल्या.

मी एक चप्पल काढून, दुसरी पायात तशीच ठेवून उभी होते. तूप कुठे गेलं ते मला माहीत होतं. तुमच्या मुलाला, दिलीपला, नाशिकच्या डॉक्टरांनी समजावलं होतं म्हणे, पण तो बिचारा "पोटातली ग्रंथी वाळली" एवढंच वाक्य घरी घेऊन आला, आणि त्या वाक्याचा तुपाशी काय संबंध, हे कोणी त्याला विचारलं नाही.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मॅडम, उंबऱ्यात नका उभ्या राहू. एक तर आत, नाहीतर बाहेर."

हे तुमचं माझ्याशी बोललेलं पहिलंच वाक्य. आठवतं? धुळ्यात, देवपूरच्या त्या भाड्याच्या इमारतीत आपलं फार्मसीचं कॉलेज नुकतंच सुरू झालेलं. मी जळगावहून आलेली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, पहिलीच नोकरी. प्रॅक्टिकलचा पहिला तास होता आणि मी लॅबच्या दारात हजेरीपट छातीशी धरून उभी होते. आत तीस मुलं, सगळी माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. तुम्ही निळा कोट घालून ब्युरेट, थेंब मोजायची ती लांब काचेची नळी, धूत होतात. मान वर न करता ते वाक्य बोललात, आणि मी आत आले. रागानं आले, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला वाटलं, हा लॅब असिस्टंट मला काय शिकवतो.

काय शिकवलंत ते आता मोजायला बसले तर पुरं होत नाही.

तुम्ही अमळनेरला तेलाच्या गिरणीत वीस वर्षं तेल तपासत होतात. आलेल्या तेलाला किती आंबटपणा चढलाय ते काढायचं, ब्युरेटमधून अल्कली थेंबाथेंबानं सोडायची, फ्लास्कमध्ये गुलाबी रंग येऊन मनात तीस मोजेपर्यंत टिकला की आकडा लिहायचा. गिरणीतलं काम सुटल्यावर तुम्ही कॉलेजात आलात. तुमच्या बोटांना ब्युरेटची तोटी अशी माहीत होती की अर्धा थेंब सोडायचा म्हटला तर अर्धाच पडायचा. माझ्या हातून मात्र धार लागायची.

"घाई कशाची? तेल कुठं पळून जातंय," तुम्ही म्हणायचात.

प्राचार्यांनी मला कामाला लावलं तेव्हा ही बोटं माझ्या उपयोगी पडली. लहान मुलांना देतात ते अ जीवनसत्त्वाचे थेंब तेलातले असतात. शेंगदाण्याचं तेल घेतलं, सरकीचं घेतलं, खोबऱ्याचं घेतलं, तर पोटात कोणत्या तेलातून औषध जास्त सुटतं, ते बघा म्हणाले. कुठल्याशा परिषदेत वाचायला होईल, कॉलेजचं नाव होईल. उपकरण मागितलं तर हसले. "नाना आहेत की!"

आणि खरंच, तुम्हीच ते उपकरण झालात. सदतीस अंशांच्या पाण्यात फ्लास्क. त्यात तेल, तेलात औषध, बकऱ्याचं पित्त, आणि फ्रिजमधल्या तपकिरी बाटलीतली स्वादुपिंडाची भुकटी. तेल पचायला लागलं की त्यातून आम्ल सुटतं, आणि गुलाबी रंग उडतो. उडाला की एक थेंब अल्कली, पुन्हा गुलाबी. पुन्हा उडाला, पुन्हा थेंब. तासभर. जितके थेंब लागतील तितकं तेल पचलं. तुम्ही तोटीवर, मी घड्याळ आणि वहीवर. तुम्ही म्हणालात, "गिरणीत गुलाबी टिकली की सुट्टी व्हायची. तुमच्याकडे गुलाबी उडाली की काम सुरू. उलटंच आहे तुमचं."

पित्त आणायला तुम्ही सकाळी स्टीलचा डबा घेऊन खाटकाकडे जायचात. तो विचारायचा, याचं करता काय? एकदा तुम्ही त्याला गंभीरपणे सांगून आलात, "आमच्या मॅडम भाजी करतात." मी तोंडावर हात धरून हसले. लॅबमध्ये कुणासमोर हसण्याची माझी ती पहिली वेळ होती. तुम्ही ते पाहिलंत आणि तोटीकडे वळलात, जसं काही पाहिलंच नाही. माझ्यासारख्या माणसाला त्याचं किती बरं वाटतं, ते तुम्हाला कसं कळायचं, कोण जाणे.

हमालांची गोष्ट त्याच आठवड्यातली. मी वर्गात तास घेऊन आले होते आणि वर्ग हसला होता. मी इंग्रजीत बोलत होते, पायांकडे बघत. मागच्या बाकावरून कोणीतरी "मॅडम, व्हॉल्यूम!" म्हटलं होतं. तुम्ही बाजूच्या खोलीतून ऐकलं असणार. मी फ्लास्क लावत होते तेव्हा विचारलंत, "आज काय सांगितलं त्यांना?"

"लिपिड फॉर्म्युलेशन्स. लायपेजनं डायजेशन. मिसेल्स."

"मला सांगा. मराठीत."

मी अडखळत सांगितलं. औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून तेलात विरघळवतात. पण तेल तरी आतड्याच्या भिंतीतून कुठे जातं? पित्त आधी त्याचे बारीक थेंब करतं. मग स्वादुपिंडातलं एन्झाइम ते थेंब कुरतडतं. कुरतडलेले तुकडे आणि पित्त मिळून इतकी लहान गाठोडी होतात की औषध त्यात बसून भिंतीपर्यंत पोचतं, आणि आत जातं.

तुम्ही थोडा वेळ थेंब सोडत राहिलात. मग म्हणालात, "म्हणजे तेल ही बैलगाडी. वेशीपर्यंत पोती आणते. आतल्या गल्लीत गाडी शिरत नाही. पोती सोडायला, लहान गाठोडी बांधून डोक्यावर न्यायला हमाल लागतात. तुमचं ते लायपेज म्हणजे हमाल."

मी म्हणाले, "हो. तसंच."

"मग पोरांना असंच सांगा ना. ती दोंडाईचा, शिंदखेडा, पारोळ्याकडची पोरं आहेत. बैलगाडी त्यांना कळेल."

इथून आपलं भांडण सुरू झालं. भांडण म्हणजे तुम्ही बोलायचात आणि मी एकेका वाक्यात कारणं द्यायचे. मी म्हणायचे, परीक्षा इंग्रजीत असते. तुम्ही म्हणायचात, पेपर इंग्रजीत लिहू द्या, पण कळू तर द्या. मी म्हणायचे, मला मराठी शब्द माहीत नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही शेजारच्या कुणाचं दहावीचं मराठी विज्ञानाचं पुस्तक आणून माझ्या टेबलावर ठेवलंत. विकर, स्वादुपिंड, मेदाम्ल. पानांच्या कडांवर कुणीतरी क्रिकेटचे स्कोअर लिहिलेले. ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. परत द्यायचं राहिलं.

एकदा तुम्ही जरा लागेल असं बोललात. "इंग्रजीचं कारण सांगू नका. तुम्हाला बोलायचंच नसतं. इंग्रजी तुम्हाला आडोशाला बरी पडते."

मी दोन दिवस तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यापुढे डबा सरकवलात. मेथीचे लाडू होते, अक्कांचे. "घ्या, कडू आहेत. आपल्या भांडणाला शोभतात."

प्रत्येक तेलाचे दोन फ्लास्क असायचे. एकात सगळं, दुसऱ्यात स्वादुपिंडाची भुकटी सोडून बाकी सगळं. तुलनेसाठी. पुस्तकात त्याला कंट्रोल म्हणतात. तुम्ही त्याला बिनहमालाचा फ्लास्क म्हणायचात. त्यात काही घडायचं नाही. गुलाबी रंग तासभर तसाच. शेवटी तेल वर तरंगून यायचं आणि औषध त्या तेलातच अडकलेलं. पाण्याच्या थरात तपासलं तर जवळपास काहीच नसायचं. तुम्हाला या फ्लास्कचं फार वाईट वाटायचं. "बघा, सगळं आहे बिचाऱ्याकडे. तेल आहे, औषध आहे, ऊब आहे. आणि काही लागत नाही अंगाला."

तुमचा कोट सैल दिसायला लागला तो सरकीच्या तेलाची फेरी चालू असताना. मला आधी दिसला पट्टा. बुचांना भोकं पाडायची नळी असते ना, कॉर्क बोअरर, ती घेऊन तुम्ही पट्ट्याला नवं भोक पाडत होतात. लॅबच्या टेबलावर, व्यवस्थित, खाली लाकडाचा तुकडा ठेवून. मी आल्यावर म्हणालात, "पोट कमी होतंय. म्हातारपणी फिगर!" पंधरा दिवसांनी दुसरं भोक दिसलं. मग तिसरं. ती भोकं अगदी सारख्या अंतरावर होती. तुमच्या हाताची सवय.

मला सगळं दिसत होतं, नाना. मी बोलत नाही म्हणून माझ्या डोळ्यांना काम जास्त असतं. तुम्ही तासाभराच्या फेरीत दोनदा उठून मागे जाऊ लागलात, तोटी माझ्या हातात देऊन. मागच्या संडासात एकामागोमाग एक बादल्या ओतल्याचा आवाज यायचा. परत आल्यावर तुम्ही हात खूप वेळ धुवायचात. जेवणात भाकरी अर्धी राहू लागली. अक्का तुमच्यासाठी तुपातला शिरा द्यायच्या, लाडू द्यायच्या, तुम्ही डबा माझ्याकडे सरकवायचात. "तुम्ही खा. मला जड होतं. घरी सांगू नका हं, तिला वाईट वाटतं." मी खाल्लं. कित्येक दुपारी खाल्लं. माईंच्या म्हशीचं तूप मी खाल्लं, नाना, आणि रिकामा डबा धुऊन तुमच्या हाती दिला, म्हणजे अक्कांना वाटावं की तुम्ही संपवलंत.

मग तो दिवस. खोबरेल तेलाची फेरी होती. बिनहमालाच्या फ्लास्कवर तेलाचा थर आला होता आणि तुम्ही तो उजेडाकडे धरून बघत होतात. खूप वेळ बघितलंत.

"मॅडम, पाण्यावर असा तवंग येतो माझ्या," तुम्ही म्हणालात. "बादली ओतली तरी जात नाही."

मी घड्याळाकडे बघत होते.

"मी पण बिनहमालाचा झालो वाटतं," तुम्ही म्हणालात आणि हसलात.

मीही हसले. तोंडावर हात धरून. आणि वहीत मान घातली.

त्या पानावर समासात मी पेन्सिलीनं एक शब्द लिहिला. स्टीॲटोरिया. न पचलेली चरबी शौचावाटे जाणं. स्वादुपिंड काम करेनासं झालं की होतं ते. आमच्या पुस्तकात तो शब्द आहे, मी परीक्षेत त्यावर चार ओळी लिहिलेल्या आहेत. म्हणजे तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं, मला समजलं, आणि मी ते पेन्सिलीनं, इंग्रजीत, समासात लिहून ठेवलं. परवा वही उघडून पाहिली. शब्द तिथेच आहे. स्पेलिंगसुद्धा बरोबर आहे.

मला काय विचारायचं होतं? एवढंच, की नाना, किती दिवस असं होतंय, आणि डॉक्टरांना हे, अगदी हेच, सांगितलंत का? पण त्यासाठी मला तुमच्याशी शौचाबद्दल बोलावं लागलं असतं. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाशी. मराठीत. त्यासाठी लागणारे शब्द मी कधी उच्चारलेच नव्हते. तेवढ्यासाठी, नाना. केवढ्याशा गोष्टीसाठी.

तुम्ही मला आणखी एक संधी दिलीत, हे जास्त लागतं. देवपुरातल्या डॉक्टरांनी तुम्हाला अशक्तपणावर जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल दिल्या होत्या. मधाच्या रंगाच्या, आत तेल. त्यांना तुम्ही सांगितलं असणार फक्त की भूक नाही, वजन उतरतंय. तुम्हीही काही कमी लाजाळू नव्हतात. तुम्ही एक कॅप्सूल तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरलीत.

"हे तेलातलं औषध. बरोबर?"

"हो."

"हमालच नसतील, तर याचा उपयोग काय?"

तो चेष्टेचा प्रश्न नव्हता. तुम्ही माझ्याकडे सरळ बघत होतात. तुम्ही मला विद्यार्थ्याला विचारावा तसा प्रश्न विचारला होतात, कारण त्याचं उत्तर आपण दोघांनी मिळून सहा महिने काढलं होतं. ते तुम्हालाही माहीत होतं. तुम्हाला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. कोणीतरी शिकलेल्यानं म्हणायला हवं होतं, की नाना, उठा, मोठ्या डॉक्टरकडे चला.

मी म्हणाले, "डॉक्टरांनी दिल्यात ना? घ्या."

तुम्ही मान हलवलीत. कॅप्सूल तोंडात टाकलीत, वर पाणी प्यायलात. "चला," म्हणालात, "गुलाबी उडाली."

त्यानंतर परीक्षा आल्या, सुट्टी लागली, मी जळगावला निघून गेले. एरंडोल, पारोळा, धुळे हा रस्ता दर शनिवारी माझ्या पायाखालचा, पण त्या सुट्टीत मी एकदाही आले नाही. घरी आई विचारायची, कामाचं काय झालं? मी म्हणायचे, आकडे चांगले आलेत. आकडे खरंच चांगले होते.

परत आले तेव्हा शिपाई म्हणाला, नाना नाशिकला आहेत, दवाखान्यात. मी नाशिकला आले नाही. पेपर तपासायचे होते, हे खरं आहे. ते कारण नव्हतं, हेही खरं आहे.

तिथल्या डॉक्टरांनी दोन दिवसांत ओळखलं. त्यांनी तुम्हाला तो प्रश्न पहिल्या भेटीत विचारला असणार, सरळ, नाव, गाव विचारावं तसा. मग गोळ्या सुरू झाल्या. त्यात काय होतं, ते मला दिलीपनं चिठ्ठी दाखवली तेव्हा कळलं. आपल्या फ्रिजमधल्या तपकिरी बाटलीत होतं तेच. जेवणाबरोबर घ्यायचं.

तुम्ही घरी आलात तेव्हा मी भेटायला आले, ती एकच वेळ. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात आणि अक्का तुम्हाला वांग्याचं भरीत आणि भाकरी भरवत होत्या. भरिताला तेल सुटलेलं. तुम्ही ते सगळं खाल्लंत. अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पंधरा दिवसांपासून जेवण टिकतंय बाई." त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मी सांगू शकत नाही. त्या आत ताट ठेवायला गेल्या. तुम्ही हळूच म्हणालात, "हमाल आले, मॅडम."

मग उशी सारखी करत, "उशिरा आले."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. खोलीत आपण दोघंच होतो. मी म्हणायला हवं होतं, मला माहीत होतं, नाना. तुमच्या डोळ्यांत मला काही दोष दिसला नाही. तो दिसला असता तर कदाचित मी बोलले असते. तुम्ही विचारलंत, "पोरांना मराठीत सांगता की नाही?" मी म्हणाले, "पुढच्या टर्मपासून." तुम्ही म्हणालात, "मी येऊन मागच्या बाकावर बसतो. आवाज पोचतो का बघायला."

अंगात ताकद उरली नव्हती. छातीत कफ झाला आणि चार दिवसांत तुम्ही गेलात. डॉक्टर दिलीपला म्हणाले होते, चार महिने आधी गोळ्या मिळाल्या असत्या, तर एवढ्याशा कफाला माणूस पुरून उरला असता. दिलीपनं हे मला लॅबमध्ये सांगितलं, तुमचा कोट न्यायला आला होता तेव्हा. कोटाच्या खिशात कॉर्क बोअरर होता. मी तो काढून घेतला. कॉलेजची वस्तू आहे, असं म्हणाले. खोटं नव्हतं, पण तो मी ड्रॉवरमध्ये ठेवलाय, माझ्या.

आता तुमच्या घरातलं सांगते. तुम्हाला ते कळायला पाहिजे, म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलं.

मी दुसरी चप्पल काढली आणि आत गेले. अक्कांच्या शेजारी जागा होती, तिथे बसले. माईंनी माझ्याकडे पाहिलं. तुमचंच नाक आहे त्यांना.

"तू कोन शे माय?"

"कॉलेजातली. नानांबरोबर काम करायचे."

"म्याडम का?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भाऊ सांगे, आमना म्याडमले बठ्ठं येस, बोलता येत नही."

दोघी-तिघी हसल्या. त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी हसलं असेल. मी मान खाली घालणार होते. मग पाहिलं, अक्का हसल्या नव्हत्या. त्यांचा हात अजून तसाच उताणा होता.

"माई," मी म्हणाले, "तुमचं तूप नानांच्या पोटात गेलं. अक्कांनी सगळं वाढलं. थोडे लाडू मी खाल्ले, नाना मला द्यायचे. बाकी सगळं त्यांच्या पोटात गेलं."

माझा आवाज माझाच मला ऐकू येत होता. मी पुढे बोलत राहिले. तूप म्हणजे बैलगाडी, म्हणाले. वेशीपर्यंत येते. पोती सोडून आत न्यायला हमाल लागतात. पोटात एक ग्रंथी असते, स्वादुपिंड म्हणतात, तिच्यातून ते हमाल येतात. नानांची ती ग्रंथी वाळली होती. हमाल येत नव्हते. मध्येच एन्झाइम शब्द तोंडात आला, तो मी गिळला.

माई पुढे सरकल्या. "मंग हमाल नही, तं त्या तूपनं काय व्हये?"

"बाहेर पडायचं, माई. जसंच्या तसं. संडासात पाण्यावर तेल तरंगायचं. कितीही तूप दिलं असतं तरी तसंच झालं असतं. औषधं दिली होती, तीही तेलातली. तीही तशीच बाहेर पडली."

मी हे म्हणाले, नाना. सात-आठ बायकांसमोर. कोणी तोंडाला पदर लावला नाही. एक म्हातारी "अस्सं" म्हणाली, जशी काही तिला फार दिवसांची शंका फिटली.

माईंनी अक्कांकडे पाहिलं. "तुले माहीत व्हतं?"

अक्कांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "मले काहीच सांगं नही त्यास्नी," त्या म्हणाल्या. "मी आपली आखो तूप वाढू." मी आपली आणखीच तूप वाढत राहिले.

माईंची नजर एकेकीवरून फिरत माझ्यापर्यंत आली.

"मंग माहीत कोनले व्हतं?"

मी अक्कांचा तो उताणा हात धरला. मनात तीसपर्यंत मोजायला लागले, तुम्ही गुलाबीसाठी मोजायचात तसं. सातावरच थांबले.

"मला," मी म्हणाले. "नानांनी मला सांगितलं होतं. चार महिने मला माहीत होतं, माई, आणि मी बोलले नाही. अक्कानी काही चूक नही शे."